कंदिलाचं कार्ड तिसऱ्यांदा लिहिलं त्याची गोष्ट

पहिलं कार्ड दीड ओळीचं होतं. "या कंदिलाच्या उजेडात कोणालाही खोटं बोलता येत नाही, मग तो राजा असो की चोर." बस. मागे चित्र, आणि सगळं जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर चिकटवलेलं, कारण आमच्या टेबलावर जादूची वस्तू मिळाली की हातात काहीतरी ठेवायचं अशी पद्धत आहे. मला त्या दीड ओळीचा एवढा अभिमान वाटला की रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवून वाचून दाखवली. तो खेळत नाही. छान आहे म्हणाला आणि झोपला.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचा खेळ, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढलेला. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण डीएम होतो म्हणजे बाकीचं अख्खं जग तो चालवतो, आणि काही जोखमीचं करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकतात. आम्ही पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ ची, नवी आली तरी जुनीच, कारण पुस्तकं घेऊन झालीयेत. डीएम मी. लहानपणी लपाछपीत कायम राज्य माझ्यावरच यायचं, ते अजून उतरलेलं नाही असं समजा. रोग म्हणजे चोर-उचल्या टाईप पात्र धाकट्या दिराचं, बार्ड म्हणजे गाण्यातून जादू करणारं पात्र माझी मावसबहीण, विझार्ड म्हणजे जादूगार ऑफिसमधली मैत्रीण, पॅलाडिन म्हणजे शपथ घेतलेला योद्धा खालच्या मजल्यावरचे काका, जे रिटायर झाल्यावर शिकले आणि आता सगळ्यात सीरियसली खेळतात. ठाण्यातला टूबीएचके, दर शनिवारी संध्याकाळी, फासे नेमाने सोफ्याखाली.

तर कंदील. मी पाच महिने एक खुनाचं प्रकरण रचत होते. बंदराच्या गावात धान्याचा मोठा व्यापारी, विषप्रयोग, सात संशयित, प्रत्येकाकडे काहीतरी लपवण्यासारखं, एक खोटी वही, एक मेणाचा डाग, देवळातली एक बाई जिला सगळं माहीत आहे पण ती फक्त बार्डशी बोलेल वगैरे वगैरे. सहा सेशन्स तरी चालेल असा अंदाज होता. आणि त्याच्या आदल्याच सेशनला मीच, स्वतःच्या हाताने, एका पडक्या मनोऱ्यात हा कंदील ठेवला. का? कारण छान वाटला. याहून वेगळं कारण मला आजही सापडलेलं नाही.

दिराने कार्ड वाचलं, उलटं करून चित्र बघितलं, परत वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, सगळ्या सातही जणांना वाड्याच्या चौकात बोलवतो." मी म्हटलं बोलव. "ओळीत उभं करतो." कर. "कंदील पेटवतो. पहिल्याला विचारतो, तू मारलंस का?" नाही. दुसरीला? नाही. तिसऱ्याला? नाही. चौथ्यापाशी आल्यावर मी जरा थांबले, पाणी प्यायले, समोरच्या चिवड्यातले दाणे वेचून खाल्ले, आणि मग दुसरा इलाजच नव्हता म्हणून म्हटलं, "हो." चाळीस मिनिटं. चिवड्याचा बाऊलसुद्धा संपला नव्हता. काकांनी प्रामाणिकपणे विचारलं, "आता पुढे काय?" आणि माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं.

यात सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की मी दिवसभर हेच काम करते. इन्शुरन्समध्ये आहे, क्लेम्स. पॉलिसीच्या कागदातलं एक वाक्य सैल राहिलं तर पुढे काय होतं ते मी रोज बघते. वाक्यात "कोणालाही" लिहिलं की कोणालाही, "कधीही" लिहिलं की कधीही, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कोणी विचारत नाही. आणि मी घरी येऊन एकही एक्सक्लूजन, म्हणजे अपवादाचं कलम, नसलेली पॉलिसी लग्नपत्रिकेवर छापली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक काढून बसले, कारण खोटं न बोलू देणारा मंत्र खेळात आधीपासून आहे, झोन ऑफ ट्रुथ, दुसऱ्या लेव्हलचा. तो पूर्वी दहा वेळा वाचला होता, पण क्लेमच्या नजरेने पहिल्यांदा वाचला. १५ फूट त्रिज्येच्या जागेत चालतो, त्याच्या बाहेर नाही. १० मिनिटं टिकतो. आत आलेल्याला करिश्माचा, म्हणजे पात्राच्या व्यक्तिमत्त्वाच्या जोरावरचा, सेव्ह मिळतो, म्हणजे फासा टाकून सुटायची संधी, आणि कोण सुटला कोण अडकला ते मंत्र टाकणाऱ्याला कळतं. अडकलेल्याला आपण अडकलोय हे माहीत असतं. तो खोटं बोलू शकत नाही पण उत्तर टाळू शकतो, गोल गोल बोलू शकतो, जोवर शब्द खरे आहेत तोवर. शिवाय मंत्राचा एक स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक, खर्च होतो. यातली एकेक अट म्हणजे डीएमसाठी मुद्दाम उघडी ठेवलेली खिडकी आहे! "त्या रात्री मी घरी नव्हतो का, हे तुम्ही माझ्या बायकोला विचारा" असं संशयित म्हणू शकतो आणि खेळ पुढे सरकतो. मी सगळ्या खिडक्या बंद करून वर काचेला रंग फासला होता.

तेव्हापासून माझी एक सवय झालीये, वस्तू बनवताना आधी अट लिहायची आणि मग ताकद. उलटं केलं की ताकदीच्या प्रेमात पडायला होतं आणि अट म्हणजे नंतर लावलेलं ठिगळ होतं.

आकड्यांच्या वस्तूंचं त्या मानाने सोपं असतं असं लोकांना वाटतं. प्लस वन तलवार, प्लस टू तलवार, म्हणजे वाराच्या फाशात आणि डॅमेजमध्ये तेवढा आकडा जास्त, त्यात काय बिघडणार. माझ्या पहिल्यावहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या कथेत, मी पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, फायटरला प्लस थ्री तलवार दिली होती, आजोबांची आठवण म्हणून, कथेत फार गोड वाटत होतं. हिशोब बघा. पहिल्या लेव्हलचा बरा फायटर फाशाच्या आकड्यात ५ मिळवतो, गॉब्लिन या किरकोळ राक्षसाचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १५, म्हणजे १० किंवा वर पडलं की लागलं, शंभरात ५५ वेळा. लाँगस्वोर्डचं डॅमेज आठ बाजूंचा फासा अधिक ३. गॉब्लिनचे हिट पॉइंट्स, म्हणजे किती डॅमेज झालं की मरतो तो आकडा, ७. म्हणजे लागलं तरी दर वेळी मरतो असं नाही, सगळं धरून एका वारात गॉब्लिन मरायची शक्यता एक तृतीयांशाच्या जराशी वर. आता त्यात प्लस थ्री घाला. ७ पडलं तरी लागतं, शंभरात ७० वेळा, आणि कमीत कमी डॅमेज १ अधिक ३ अधिक ३, झाले ७. लागला की मेला. दर वेळी. म्हणजे आजोबांच्या आठवणीने माझे गॉब्लिन दुप्पट वेगाने मरायला लागले आणि बाकीचे तिघे भिडू लिंबूटिंबू झाले, नुसते उभे राहून टाळ्या वाजवायचे. पाचव्या आवृत्तीत शत्रूंचे एसी मुद्दाम फार वर जाऊ दिलेले नाहीत, सगळं एका छोट्या पट्ट्यात आहे, म्हणून तिथे एकेक प्लस जड पडतो. तलवारींना तीनच्या वर प्लस सहसा नसतातच, त्याचं कारण हेच.

तिसऱ्या आवृत्तीत, २००० साली आलेल्या, याच्या बरोबर उलटा कारभार होता. तिथे प्लस पाचपर्यंत जायचे आणि जादूच्या वस्तूंना बाजारभाव होता, चक्क सूत्राने. शस्त्राचा प्लस गुणिले स्वतः गुणिले २००० सोन्याची नाणी. प्लस वनचे २०००, प्लस टूचे ८०००, प्लस पाचचे ५०,०००. प्लस वन लाँगस्वोर्ड घडणावळीसकट २३१५ नाण्यांना. मला हा आकडा पाठ आहे कारण त्यात वाण्याच्या दुकानातल्या बिलासारखं काहीतरी आहे, आणि जादू तिथेच मरते. सूत्र आलं की सूत्राला भोक पाडणारेही येतात. कायम चालू राहणाऱ्या मंत्राच्या वस्तूचं सूत्र होतं मंत्राची लेव्हल गुणिले टाकणाऱ्याची लेव्हल गुणिले २०००. आता पहिल्या लेव्हलचा एक मंत्र आहे ट्रू स्ट्राइक, पुढच्या एका वाराला प्लस वीस देतो, हो, वीस. सूत्र सरळ लावलं तर कायमची प्लस वीस तलवार २००० नाण्यांना, प्लस वनच्या भावात! पुस्तकातच लिहिलं होतं की ही सूत्रं अंदाजासाठी आहेत, शेवटी आधीच्या वस्तूंशी ताडून डीएमने भाव ठरवायचा, पण ते बारीक अक्षरातलं कोण वाचतं. आमच्या धंद्यातही कोणी वाचत नाही.

शिवाय त्या काळात अंगावर जागा असतील तितक्या वस्तू चढवायच्या, डोक्याला एक, गळ्यात एक, दोन अंगठ्या, पट्टा, बूट, हातमोजे, पात्र म्हणजे लग्नात मढवलेली नवरी. पाचव्या आवृत्तीने हे एका नियमात संपवलं, अट्यूनमेंट. भारी वस्तू वापरायची तर तासभर तिच्यासोबत बसायचं, तिच्याशी नातं जोडायचं, आणि अशी नाती एका वेळी फक्त तीन. चौथी पाहिजे तर एक सोड. माझ्या मते अख्ख्या आवृत्तीतला हा सगळ्यात हुशार नियम आहे, कारण तो डीएमला काहीच करायला लावत नाही, भिडूच आपसात भांडतात. काकांनी एकदा अंगठी सोडायची की ढाल यावर पाऊण तास घेतला आणि मी तेवढ्यात कुकर लावून आले.

पण त्यातही घोळ आहेतच. २०१४ च्या पुस्तकात उडता झाडू आणि उडते बूट दोन्ही अनकॉमन, म्हणजे एकाच रांगेतले. बुटांना अट्यूनमेंट लागतं, झाडूला लागत नाही, आणि झाडू ५० फूट वेगाने उडतो. मग बूट कोण घेईल? दुर्मिळतेच्या पायऱ्या वाचून मी आता काहीच ठरवत नाही. पार्टीला उडता यायला लागलं की खंदक, भिंती, पूल, पहारेकरी, माझी निम्मी वही रद्दीत जाते, हे कुठल्या पायरीत बसवणार?

महाभारतात या बाबतीत केवढा काटेकोरपणा आहे ते डीएम झाल्यावरच माझ्या लक्षात आलं. सूर्याने दिलेली ती थाळी घ्या. वनवासात कितीही माणसं येवोत, अन्न संपत नाही, पण एकदा द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरतं बंद. आमच्या पुस्तकात बऱ्याच जादूच्या कांड्यांना ७ चार्जेस, म्हणजे वापरायच्या खेपा, असतात आणि पहाटे फासा टाकून काही परत येतात, तोच प्रकार, फक्त इथे बंद व्हायची वेळ घरातल्या बाईच्या जेवणाशी बांधली आहे. म्हणजे ती शेवटी जेवणार, रोज, सगळ्यांनंतर. वस्तूच्या अटीनेच घराचं वेळापत्रक ठरतं. आणि मग दुर्वास नेमके कधी येतात, तर ती जेवून झाल्यावर, १०,००० शिष्य घेऊन. डीएमने अट लिहिली होती ती याच दिवसासाठी.

कर्णाची शक्ती तर आमच्या टेबलावर दर महिन्याला होते. कवचकुंडलं देऊन इंद्राकडून घेतलेली, एकदाच चालणार, एकालाच मारणार, मग परत इंद्राकडे. तो ती अर्जुनासाठी जपून ठेवतो आणि घटोत्कच रात्रीच्या युद्धात असा काही धुमाकूळ घालतो की त्याच्यावर वापरावी लागते. एकदाच वापरायची वस्तू दिली की भिडू ती जपून ठेवतात, हा जागतिक नियम आहे, आमच्या विझार्डच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीची पोशन्स पडून आहेत, एक्स्पायरी डेट असती तर बरं झालं असतं. यावर उपाय वस्तूत नसतो, घटोत्कच पाठवावा लागतो.

असो, कंदील.

दुसरं कार्ड मी अगदी नीट लिहिलं. ३ चार्जेस, पहाटे तीनपैकी काही परत. १५ फूट उजेड. एक मिनिट. करिश्मा सेव्ह, १५ आला की सुटला. उत्तर टाळता येतं. अट्यूनमेंट लागतं. ऑफिसमध्ये दाखवलं असतं तर सही झाली असती. आणि दोन महिने ते कार्ड कोणी वापरलंच नाही. म्हणजे वापरलं एकदा, एका फाटकवाल्यावर, त्याने सेव्ह केला, विषय संपला. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं आणि आठवण्यासारखंही काही नव्हतं, झोन ऑफ ट्रुथला कडी लावून भिंतीवर टांगलं होतं इतकंच. संतुलित वस्तू बनवणं फार अवघड नाही हो, आधीच्या दोन वस्तूंच्या मधोमध ठेवली की झाली संतुलित. पण मग तिचं करायचं काय?

तिसऱ्या कार्डाची कल्पना प्रपोजल फॉर्म तपासताना आली. इन्शुरन्समध्ये एक जुनं तत्त्व आहे, अटमोस्ट गुड फेथ, म्हणजे कंपनीकडे काही मागायच्या आधी तुम्ही स्वतःबद्दलचं महत्त्वाचं सगळं खरं सांगायचं, आजार, ऑपरेशन, सिगरेट, सगळं. आधी तुमचं खरं, मग आमचे पैसे. मी समोरचा फॉर्म बाजूला ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:

"पेटवणाऱ्याने आधी स्वतःबद्दल एक खरी गोष्ट मोठ्याने सांगायची, जी तिथे कुणालाच माहीत नाही. मग कंदील पेटतो. एक गोष्ट, एक प्रश्न. ज्याला विचारलं तो गप्प राहू शकतो, खोटं बोलू शकत नाही."

चार्ज नाही, सेव्ह नाही, अट्यूनमेंट नाही. पण क्लेमवाल्या डोक्याला लगेच भोक दिसलं. "मला लहानपणी पडवळ आवडायचं नाही" असं सांगून कोणीही कंदील पेटवेल. आता गोष्ट पुरेशी खरी आहे की नाही हे कोण ठरवणार? "डीएम ठरवेल" हे दोन शब्दांवर आलेलं वाक्य मी दोनदा लिहिलं आणि खोडलं, तो माझ्या मते नियम नाही, नियम लिहायचा कंटाळा आहे. दर वेळी माझ्याशी वाद घालत बसतील. ज्याचं हो की नाही टेबलावर सगळ्यांना दिसेल असं काहीतरी पाहिजे होतं. शेवटी लिहिलं, "ती गोष्ट ऐकून दुसऱ्या कुणीतरी पुढचा प्रश्न विचारला तरच वात धरते." कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही तर गोष्ट फुसकी. मला हे फार आवडलं. आणि अजून एक ओळ, खाली, लहान अक्षरात, "उजेड धरणाऱ्यावरही पडतो."

मागच्या शनिवारी वापरलं. पार्टी एका नावाड्याला घेऊन बसली होती, तो तस्करांचा माणूस आहे की नाही ते कळेना. दिराने कार्ड घेतलं, मोठ्याने वाचलं, माझ्याकडे बघून हसला, आणि शपथेवर सांगते, मी हे उदाहरण कुणालाच सांगितलेलं नव्हतं, म्हणाला, "मला लहानपणी पडवळ आवडायचं नाही." आमच्या जगात पडवळ पिकतं. मी काही बोलले नाही. दोन सेकंद कोणीच काही बोललं नाही, म्हणजे वात धरणार नाही. मग माझी मावसबहीण, जी त्याच्याशी संगनमत करण्यात पटाईत आहे, मुद्दाम गोड आवाजात म्हणाली, "का बरं?"

वात धरली. नियम म्हणजे नियम. दोघांनी टाळी दिली, वहिनीला गंडवलं म्हणून.

मग मी म्हटलं, "पेटला. उजेड तुझ्यावर पण पडलाय. तिने तुला का बरं विचारलंय. खोटं बोलता येणार नाही, गप्प बसलास तर चालेल."

तो सहज उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याचा रोग पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत आलाय की तो उत्तरेकडच्या एका सराफ शेठचा मुलगा आहे, घर सोडून पळालेला, त्यावर त्याने उधाऱ्याही केल्यात. खरं काय ते फक्त त्याला आणि मला माहीत होतं, पात्र बनवताना माझ्या वहीत लिहून दिलेलं. फासा हातात फिरवत बसला. गप्प बसला असता तर सुटला असता, तेही त्याला माहीत होतं. मग पात्राच्या आवाजात, जरा हळू, म्हणाला, "कारण आश्रमात रोज तेच असायचं."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. "आश्रमात? अरे, तू शेठचा मुलगा ना?"

या प्रश्नाला तो गप्प बसला. त्याची परवानगी होती. विझार्डने वही उलटी करून मागची पानं चाळायला सुरुवात केली, कुठल्या कुठल्या सरायांमध्ये त्याने बापाच्या नावावर उधारी केली होती ते शोधायला, बार्ड म्हणाली अगं थांब आत्ता नको, काका म्हणाले नाही, आत्ताच, माझ्या शपथेचा प्रश्न आहे, मी त्या सराईवाल्याला शब्द दिला होता. आणि हे सगळं चालू असताना कंदील पेटलेलाच, नावाडी समोर बसलेलाच, त्याला विचारायचा एक प्रश्न शिल्लक, कुणाच्या लक्षातच नाही. साडेदहा वाजले तेव्हा नवरा आतून विचारून गेला की पोहे गरम करू का, तेव्हा कुठे दिराने कंदिलावर फुंकर मारली.

नावाडी तस्करांचा होता की नाही ते अजून कोणाला माहीत नाही. मलाही नव्यानेच ठरवावं लागेल, कारण मी तयारी फक्त "हो" ची केली होती. जाताना कार्ड दिराने टेबलावर ठेवलं, काकांनी उचललं आणि खिशात घातलं, म्हणाले पुढच्या वेळी मी पेटवणार. घरी जाऊन ते काय सांगायचं याची तयारी करत असणार, मला खात्री आहे. सकाळी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांनी कार्ड दाखवलं. मागच्या बाजूला, कंदिलाच्या चित्राखाली, कोणीतरी पेन्सिलने लिहिलंय, "पडवळ चालणार नाही." अक्षर दिराचं आहे.